चार पोऱ्या धाडात

न्यायाधीशांनी मान वर न करता तीन ओळी वाचल्या आणि पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. सरलाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना वाटलं, आपला नंबर अजून यायचाय. त्या तशाच बसून राहिल्या.

"चला आत्या," सून म्हणाली. वर्षा उठून उभी होती आणि डब्याची पिशवी छातीशी धरून दाराकडे बघत होती.

"कुठे? आपलं व्हयनं का?"

"झालं. अर्ज नामंजूर."

बाहेर व्हरांड्यात त्यांचे म्हातारे वकील चष्मा पुसत उभे होते. सुरतेतल्या कोर्टात चाळीस वर्षं काढलेला सालस माणूस. बोलले ते वाईट हेतूने नव्हे, पण काही वाक्यं कशीही बोलली तरी लागतातच.

"माजी, मी काय करू?" ते हिंदी-गुजरातीच्या मिसळीत म्हणाले. "साहेबांनी लिहिलंय, आरोपीची सख्खी आईच त्याच्या विरुद्ध सांगते. तुमच्यापेक्षा मोठा साक्षीदार मी कुठून आणू? आता वर अमदावादला जा. हायकोर्टात."

सरलाबाईंनी पदर तोंडावर घेतला. रडू आलं म्हणून नाही. आपल्या तोंडाचीच त्यांना भीती वाटली. आठ महिने त्या देवाला विचारत होत्या की माझ्या लेकाला, धर्माला, कुणी अडकवलं, आणि उत्तर त्यांच्याच जिभेवर बसलेलं निघालं.

घडलं होतं ते असं. धर्मेंद्र, त्यांचा एकुलता मुलगा, बमरोलीच्या एका लूम कारखान्यात मुकादम होता. कुणाला कामाला माणसं हवी असली की लोक त्यालाच फोन करायचे. खानदेशातून आलेली पोरं त्याच्या भरवशावर सुरतेत उतरायची. एका दुपारी तो जेवायला घरी आला असताना भिकनचा फोन आला. भिकन त्यांच्याच शिवाराकडचा, कधी टेम्पो चालवणारा, कधी काय करतो ते कुणालाच न कळणारा. त्याला माल भरायला चार माणसं हवी होती. धर्मेंद्रने चार पोरं पाठवली आणि तो पुन्हा पाळीवर गेला.

त्याच संध्याकाळी सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात भिकनने लोखंडी सळई दाखवून वॉचमनला खोलीत कोंडलं आणि ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या, कापडाचे ताके टेम्पोत भरून नेले. भरणारे हात त्या चार पोरांचे होते. पोरं दुसऱ्या दिवशी सापडली. भिकन सापडलाच नाही. आणि तिसऱ्या दिवशी पोलीस धर्मेंद्रला घेऊन गेले.

चौथ्या दिवशी सरलाबाईंना पोलीस ठाण्यात बोलावलं. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. तिथल्या रायटरने, म्हणजे जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराने, हिंदीत विचारलं. सरलाबाईंनी अहिराणीत सांगितलं, कारण घाबरलेल्या माणसाला घरचीच भाषा सुचते. एक पोरगेलासा शिपाई समोर मोबाइल धरून उभा होता. "सच बोलो माजी, सच बोलने से कुछ नहीं होता," असं रायटर म्हणाला होता. आणि सरलाबाई खरं बोलल्या होत्या, अगदी शब्दन् शब्द.

कोर्टातून आल्यापासून त्यांनी बोलणंच सोडलं. त्या घरी बसून धागा-कटिंगचं काम करायच्या. कारखान्यातून साड्यांचा गठ्ठा यायचा, पाठीमागचे लोंबते धागे कात्रीने कापायचे, घडी करून परत द्यायचं. आता दिवसभर फक्त कात्रीचा आवाज. भिंतीपलीकडे लूम चालायचे, त्यांचा खडखडाट इतका की गल्लीतली सगळी माणसं मोठ्यानेच बोलायची. त्या गल्लीत सरलाबाईंचं गप्प होणं कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण वर्षाच्या आलं.

"आत्या, तुम्ही जेवताना पण बोलत नाही. माझ्यावर राग आहे का?"

सरलाबाईंनी मान हलवली.

"मग कुणावर?"

त्यांनी कात्री खाली ठेवली आणि बोट स्वतःच्या ओठांवर टेकवलं.

वर्षाला गलबलून आलं, पण ती अमळनेरची, रडण्यापेक्षा भांडणं तिला सोपं जायचं. "हे बरं आहे. जेव्हा गप्प बसायचं तेव्हा बोललात आणि आता बोलायचं तर गप्प. उद्या माझ्यासोबत उधन्याला चला. मीराबाईने सांगितलेली एक वकीलबाई आहे. तिथे तरी तोंड उघडा."

मीराबाई त्याच गल्लीतली. त्या चार पोरांपैकी सागर तिचा. पोरं जामिनावर सुटली होती, पण धर्मेंद्रला जामीन मिळाला नव्हता. पोरांना ज्याने कामाला लावलं तोच खरा सूत्रधार, असं पोलिसांचं म्हणणं होतं. आणि आधार काय, तर भिकनचा आलेला फोन आणि आईचा जबाब.

वकीलबाईंचं नाव प्रज्ञा. वय तीस-बत्तीस. आजोबा भुसावळहून रेल्वेत बदलून आलेले, तेव्हापासून घर उधन्यातच. तिचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर होतं. दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. तिने चार्जशीटचा गठ्ठा पुढे ओढला आणि आधी चहा मागवला.

"मावशी, आधी मी सांगते, मग तुम्ही सांगा. घाबरू नका, खटला अजून सुरूच झालेला नाही."

"आठ महिनं व्हयनात," सरलाबाई पुटपुटल्या. कित्येक दिवसांतलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

"झाले. पण खटला नाही. तुमच्या गल्लीत लूमवर सुताचा बीम चढवतात ना? चढवायच्या आधी मास्तर सूत बघतो. तुटकं असलं, अपुरं असलं, तर बीम चढवतच नाही. कोर्टाचं तसंच. आरोप ठेवण्याआधी न्यायाधीश पोलिसांचे कागद बघतात. त्यात दम नसेल तर माणसाला तिथेच सोडतात. तुमच्या आधीच्या वकिलांनी तोच अर्ज केला होता. खालच्या कोर्टाने सूत बघितलं आणि म्हणाले, पक्कं आहे. आता वरच्या कोर्टाला सांगायचं, साहेब, परत बघा."

"त्या दिवशी धर्मा पाळीवर होता," वर्षा म्हणाली. "हजेरीचं रजिस्टर आहे. ते दाखवा."

"इथेच अडतं बघ. आत्ता आपले पुरावे दाखवता येत नाहीत. ते नंतर, खटल्यात. या पायरीवर कोर्ट फक्त पोलिसांनी दिलेलं बघतं. आणि खटला संपायला किती वर्षं जातील ते मी सांगू शकत नाही. दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, म्हणून जामीनही अवघड."

जन्मठेप हा शब्द सरलाबाईंना कळला. चहाचा कप त्यांनी न पिताच टेबलावर ठेवला.

प्रज्ञाने जबाबाचं पान काढलं. "हा तुमचा जबाब. गुजरातीत आहे, तसाच वाचते. 'मारो दीकरो फोन पर वात करतो हतो. पछी तेणे चार छोकरा लईने धाड पाडी.' मावशी, हे तुम्ही सांगितलं?"

"हां."

"कळलं ना मी काय वाचलं?"

"कळनं ना. च्यार पोऱ्या, धाड. पोलिसनी बी मले आसंच वाची दखाडं. मी बोलनू, खरं शे."

वर्षा खुर्चीतून वळली. तिने तो जबाब कधी ऐकलाच नव्हता. म्हाताऱ्या वकिलांनी फक्त सांगितलं होतं, आईने नाव घेतलंय. "आत्या, तुम्ही हो म्हणालात? याला?"

"मंग काय खोटं बोलू?" सरलाबाईंचा आवाज चिरकला. "मन्हा समोर फोन वना. मन्हा समोर त्यानी च्यार पोऱ्या धाडात. मी आंधळी शे का?"

प्रज्ञाचं पेन थांबलं. तिने ते हळूच टेबलावर ठेवलं, जणू आवाज झाला तर काहीतरी उडून जाईल.

"मावशी, धर्मेंद्रने त्या मुलांना काय केलं? दुसऱ्या शब्दात सांगा. धाड म्हणू नका."

सरलाबाईंनी विचार केला. दुसरा शब्द त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी हात उचलला आणि तळवा दाराच्या दिशेने ढकलला, अंगणातल्या पोराला बाहेर जा म्हणावं तसा. "आसं. जा म्हने. तठे जा."

"पाठवलं?"

"हां. पाठाडं. धाडं."

खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं. वर्षाने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"धाडणं," प्रज्ञा स्वतःशीच म्हणाली. मग तिने सावकाश समजावून सांगितलं. गुजरातीत धाड म्हणजे दरोडा, दुसरं काही नाही. कायद्याच्या पुस्तकातही तोच शब्द. पाच जण मिळून जबरदस्तीने लुटतात ती धाड. सरलाबाई म्हणाल्या, त्याने चार पोऱ्या धाडात. रायटरने ऐकलं, चार पोरं, धाड. त्याने लिहिलं, चार पोरं घेऊन धाड पाडली. वाचून दाखवलं तेव्हा सरलाबाईंना त्यात आपलाच शब्द ऐकू आला आणि त्यांनी हो म्हटलं.

सरलाबाईंना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हा शब्द त्या जन्मभर बोलत आल्या होत्या. दळण धाड, पोरीला शाळेत धाड, भावाला निरोप धाड. वापरून वापरून गुळगुळीत झालेला शब्द, आणि त्याच्या पोटात ही सळई होती.

"मग सांगा ना कोर्टाला," वर्षा म्हणाली.

"आपण सांगून भागत नाही. आई आता मुलाला वाचवायला शब्द फिरवते, असं सरकारी वकील म्हणणार." प्रज्ञा पानं उलटत पोलिसांनी जोडलेल्या वस्तूंच्या यादीच्या शेवटाला पोचली आणि तिथे तिचं बोट थांबलं. "पण हे बघ. 'पेनड्राइव्ह एक.' मावशी, जबाब घेताना कुणी मोबाइल धरला होता?"

"एक पोऱ्या व्हता. हालू नका म्हने."

"नव्या कायद्यात जबाबाचं रेकॉर्डिंग करता येतं. त्यांनी केलं आणि चार्जशीटला जोडून मोकळे झाले. ते अहिराणीत, म्हणून कुणी ऐकलंच नसणार. हा पुरावा आपला नाही, त्यांचाच आहे. त्यांनीच दिलेली वस्तू ऐका, एवढंच आपण म्हणायचं. त्याला कोर्ट अडवू शकत नाही." तिचा चेहरा उजळला होता. "उद्याच नकलेसाठी अर्ज देते."

वर्षा पहिल्यांदा हसली. सरलाबाई मात्र खुर्चीच्या कडेला सरकल्या. त्या दिवशी आपण आणखी एक गोष्ट बोललो होतो, ती त्यांना आठवली. रायटरने ती लिहिली नव्हती. पण मोबाइल तर सगळंच ऐकत होता.

नक्कल मिळायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे सरलाबाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. एक शब्द त्यांनी तोंडातून हद्दपार केला. शेजारणीच्या पोरीला दुकानात पाठवायचं तर त्या गुजरातीत 'मोकल' म्हणायच्या. बोलताना मध्येच थांबायच्या आणि पुढचं वाक्य गिळायच्या. कात्री चालवताना एकच विचार यायचा. हा एक धागा राहिला तर सगळी साडी उसवेल. हा कापता येईल का?

मधल्या एका शनिवारी लाजपोरला तुरुंगात भेट झाली. काचेपलीकडे धर्मेंद्र. गाल बसलेले, पण केस नीट विंचरलेले, आई येणार म्हणून.

"माय," तो फोनमध्ये म्हणाला, "तू तठे काय सांगेल व्हतं?"

सरलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"ऱ्हाऊ दे," तोच म्हणाला. "तू खरंच सांगेल आसशी. मी इथे सगळ्यास्ले तेच सांगस. मनी माय खोटं बोलत नही."

त्याने रागावून बोललं असतं तर सोपं झालं असतं.

नक्कल आल्याचा प्रज्ञाचा फोन आला तेव्हा सरलाबाई एकट्याच उधन्याला गेल्या. वर्षाला सांगितलंच नाही. प्रज्ञाने लॅपटॉप उघडला होता. सरलाबाईंनी झाकण हाताने खाली दाबलं.

"बेटा, पहिले मनं ऐक."

"बोला मावशी."

"मी तठे आजून एक बोलनू. मी बोलनू का, मी धर्माले सांगं, भिकननं काम करू नको. भिकन चांगला मानूस नही." एका दमात एवढं बोलून त्या धापा टाकू लागल्या. "मंग आते कोर्ट म्हनी, मायनी सांगं व्हतं तरी पोऱ्यानी ऐकं नही. त्याले सगळं ठाऊक व्हतं. म्हनी ना?"

प्रज्ञाने लॅपटॉप जरा बाजूला सरकवला. तेवढ्यातच सरलाबाईंना उत्तर मिळालं.

"सरकारी वकील तेच म्हणतील," ती म्हणाली. "हे अवघड आहे, मावशी. तुमच्यापासून लपवत नाही."

"मंग तेवढं कापी टाक. बाकीनं ठेव. मी दिवसले दोनशे साड्यास्ना धागा कापस, कोनले दिसत नही."

"साडीचा धागा कापला तर साडी साफ होते. हे कापलं तर आपण खोटे ठरतो, आणि मग धाडीचं खरंही कुणी मानणार नाही. ऐकवायचं तर सगळं. नाहीतर काहीच नाही."

"मंग काहीच नको."

"तर मग आईचा लेखी जबाब तसाच राहतो. दरोडा."

दोन्ही बाजूंनी मरणच. सरलाबाईंनी डोळे मिटले. प्रज्ञाने लॅपटॉपचं झाकण उघडलं नाही.

"मी काल ऐकलं," प्रज्ञा म्हणाली. "तुमचं ते वाक्य मला कळलं. पण त्याच्या पुढे तुम्ही आणखी काहीतरी बोलताय. ठाण्यातल्या वायरलेसचा खरखराट आहे आणि माझी अहिराणी तोकडी. चुलीचं काही बोलताय का?"

"मले नही आठवत. त्या दिवसनं मले काहीच आठवत नही. फक्त तेवढंच आठवस."

"म्हणून तुम्हीच ऐकायला हवं."

सरलाबाईंनी स्वतःचा आवाज यंत्रातून कधीच ऐकला नव्हता. आपल्याला फासावर नेऊन उभं करावं तशा त्या खुर्ची ओढून पुढे सरकल्या. पडद्यावर एक बाई दिसली. लहानखुरी, पदर कपाळापर्यंत, हात मांडीवर घट्ट. तिच्या मागे पंखा फिरत होता. आवाज इतका बारीक की सरलाबाईंना त्या बाईची कीव आली.

"...च्यार पोऱ्या धाडात." आलं. पुढे रायटरचा प्रश्न. मग ते वाक्य. "मी त्याले सांगं, भिकननं काम करू नको, तो चांगला मानूस नही." सरलाबाईंनी कानांवर हात नेले. प्रज्ञाने ते हलकेच खाली घेतले. वायरलेस खरखरला. त्या खरखरीच्या पोटात ती बाई बोलतच होती.

"परत लाव," सरलाबाई म्हणाल्या.

तीन वेळा लावलं. चौथ्या वेळी सरलाबाई पडद्यावरच्या बाईबरोबर ओठ हलवू लागल्या, आणि मग त्यांचा आवाज फुटला.

"'तो बोलना, माय, त्या पोऱ्यास्ले चार दिनपाईन काम नही. त्यास्नी चूल पेटेल नही. भिकन कसा बी आसो, टेम्पो भरतीन तं रोजी भेटी. मी त्यास्ले धाडस.'" त्या थांबल्या. "आसं बोलना तो. वरण-भात खात व्हता. मी इसरी गयथू. बेटा, मी त्यानं उत्तर इसरी गयथू आनि मन्हंच ध्यानमा ठेवं."

प्रज्ञाने वहीत शब्द न् शब्द उतरवला. तिचा हात भराभर चालत होता. "दरोड्याला पाठवणारा माणूस रोजीची भाषा करत नाही," ती म्हणाली, पण लगेच पेन टेकवून थांबली. "हे मी म्हणते. वरचं कोर्ट काय म्हणेल ते आज मी सांगणार नाही. हायकोर्टात मी आतापर्यंत दोनदाच उभी राहिलेय, मावशी. भीती मलाही वाटते."

का कोण जाणे, त्या वाक्याने सरलाबाईंना जरा धीर आला.

अमदावादला पहिल्या तारखेला फक्त एवढं झालं की कोर्टाने सरकारला नोटीस काढली आणि रेकॉर्डिंगचं भाषांतर करायला मराठी आणि अहिराणी जाणणारा अधिकृत दुभाषी नेमला. दुसऱ्या तारखेला सुरतेहून पहाटेच्या गाडीने तिघी निघाल्या. वर्षाने भाकरी बांधून घेतल्या होत्या. त्या कुणी खाल्ल्या नाहीत.

कोर्टरूम थंडगार होती. सगळं इंग्रजीत चाललं होतं. सरलाबाईंना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून त्या फक्त चेहरे वाचत होत्या. प्रज्ञा काळ्या कोटात पातळ दिसत होती. ती बोलायला लागली तेव्हा पहिल्या वाक्याला तिचा आवाज कापला, मग स्थिरावला. तिने दोनदा 'धाड' म्हटलेलं ऐकू आलं. इतक्या मोठ्या जागेत तो शब्द ऐकून सरलाबाई पदराआड आक्रसल्या.

मग त्यांचाच आवाज आला. तो बारीक, घाबरलेला आवाज त्या उंच छताखाली फिरू लागला. काळे कोटवाले माना वळवून ऐकू लागले. न्यायाधीशांनी हात वर केला. रेकॉर्डिंग थांबलं. त्यांनी दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाषी पिकल्या केसांचा माणूस होता. त्याने इंग्रजीत उत्तर दिलं, मग जरा अडखळला आणि शब्द समजावण्यासाठी मराठीत म्हणाला, "धाडणं, साहेब. पत्र धाडतात ना, तसं."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं.

मग सरकारी वकील उठले. उंच, धिप्पाड, आवाज भरदार. त्यांनी हातातला कागद झटकला आणि 'भिकन' म्हटलं, 'मदर' म्हटलं, पुन्हा 'भिकन' म्हटलं, आणि मागे वळून थेट सरलाबाईंकडे बोट केलं. सरलाबाईंना अर्थ कळायला भाषा लागली नाही. तोच धागा. तो या माणसाने ओढला होता. वर्षाने सासूचा हात धरला.

न्यायाधीश प्रज्ञाकडे बघत होते. प्रज्ञा भांडली नाही. तिने फक्त भाषांतराचं दुसरं पान उचललं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि रेकॉर्डिंग पुढे चालू करण्याची विनंती केली. खरखर आली. तिच्या आतून सरलाबाईंच्या तोंडून धर्मेंद्र बोलला. चार दिनपाईन काम नही. चूल पेटेल नही. दुभाष्याने एकेक ओळ सांगितली. न्यायाधीशांनी चष्मा काढला, परत लावला, आणि ती शेवटची ओळ दुसऱ्यांदा विचारली. दुभाष्याने ती परत सांगितली. सरकारी वकिलांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मग कागदात बघितलं.

त्यानंतर न्यायाधीश एका सुरात बोलू लागले आणि खाली बसलेला माणूस भराभर टाइप करू लागला. हा निकाल, एवढं सरलाबाईंना कळलं. सुरतेलाही असाच तीन ओळींत झाला होता. पण हा संपेना. दहा मिनिटं. सरलाबाई प्रज्ञाच्या पाठीकडे बघत होत्या. पाठ ताठ होती. पाठीवरून काही वाचता येत नाही. त्यांच्या मनात आलं, उठावं आणि बाहेर जावं, म्हणजे ऐकावं लागणार नाही. पण त्या बसूनच राहिल्या.

बोलणं थांबलं. प्रज्ञाने मान लवून नमस्कार केला आणि मागे वळली. कोर्ट चालू होतं, तिला बोलता येत नव्हतं. तिने सरलाबाईंकडे बघितलं आणि हात थोडासा वर उचलून तळवा दाराच्या दिशेने ढकलला. अंगणातल्या पोराला बाहेर जा म्हणावं तसा.

सरलाबाईंना आधी वाटलं, आपल्याला बाहेर जायला सांगते आहे. मग वर्षाच्या तोंडून हुंदका फुटला आणि त्यांना समजलं.

व्हरांड्यात प्रज्ञाने नीट सांगितलं. खालचा आदेश रद्द. दरोड्याच्या आरोपातून धर्मेंद्र मुक्त. कागद सुरतेला पोचायला एक-दोन दिवस लागतील, मग तुरुंगातून बाहेर. वर्षा भिंतीला टेकून खाली बसली आणि इतका वेळ न उघडलेली पिशवी मांडीवर धरून रडू लागली.

"आनि त्या पोऱ्या?" सरलाबाईंनी विचारलं.

"त्यांचा खटला वेगळा चालेल. ते गोदामात होते, कॅमेऱ्यात दिसतात. पण त्यांनाही रोजीसाठीच पाठवलं होतं, हे आता हायकोर्टाच्या कागदावर आलंय. उपयोग होईल. होईलच, असं म्हणत नाही."

सरलाबाईंनी पदराच्या गाठीतून मोबाइल काढला. गल्लीत मीराबाई वाट बघत असणार, धर्मासाठी आणि त्याहून जास्त सागरसाठी. तिला दोन्ही सांगायचं होतं, आणि दुसरं सांगणं सोपं नव्हतं. मीराबाईने पहिल्याच घंटीला उचललं. लूमचा खडखडाट पलीकडून ऐकू आला.

"काय व्हयनं, सरलाबाई? मोठ्यानी बोला, ऐकू येत नही."

सरलाबाईंनी तोंड उघडलं आणि सवयीने थांबल्या. आजूबाजूला काळे कोट जात-येत होते. एक पोलीस जिन्याजवळ उभा होता. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं आणि गल्लीत बोलतात तशा मोठ्याने म्हणाल्या,

"धाडी ऱ्हायनात वं, मन्हा पोऱ्याले घर धाडी ऱ्हायनात. आनि तुन्हा सागरनं बी सांगस. नीट ऐक."